उलट्या पावली

खासगी बाजार, लश्कर
जुलै १९४९

ती. दादास,
पद्माचा नमस्कार.

तुझा पत्ता नाही, तरी लिहिते आहे. उद्या कॉलेजात माझी मुलाखत आहे. संस्थान विलीन झालं, आबांची दरबारातली नोकरी गेली, पण शिकवण तीच आहे. घरी मुलाखतीची तालीम घेताना ते प्रिन्सिपॉल होऊन खुर्चीवर बसतात. मी मुजरा करते, उत्तरं देते आणि त्यांना पाठ न दाखवता उलट्या पावली दारापर्यंत जाते. आज लुगड्यात पाय अडकून पडले. "पुन्हा," आबा म्हणाले.

तुझ्याकडूनही त्यांनी हेच घोटून घेतलं होतं. गेल्या वर्षी मुलाखतीहून तू परस्पर स्टेशनवर गेलास, तो परत आलाच नाहीस. आबा समजतात, तुझी उत्तरं चुकली.

आज इंदरगंजात तुझा मित्र सक्सेना भेटला. म्हणाला, "बहन, वह उलटा चलते-चलते गिर पड़ा. सब हँसने लगे. एक साहब बोले, राज तो गया, अब सीधे चलो."

आबांना हे सांगवत नाही. सांगितलं तर तू कुणामुळे गेलास, ते त्यांना कळेल.

पण उद्या मी वळून सरळ चालत बाहेर येणार आहे. सोबत आलेले आबा दारातच उभे असतील.

तुझी धाकटी,
पद्मा