चौथी खुर्ची

२ फेब्रुवारी १९८१
आले बाई एकदाची! पालघरच्या सागरध्वनी रेडिओ केंद्रात, वृंदगानात, पगारी गायिका म्हणून. दातिवऱ्यात आईने घरोघर साखर वाटली. धाकटी नलू मात्र रुसून बसली, कारण गळा तिचाही चांगला आहे. ही सगळी विजयाताईंची कृपा. शाळेत गाणं त्यांनीच शिकवलं आणि आता पत्र पाठवून बोलावूनही घेतलं: 'सुलू, जागा रिकामी आहे. तुझा श्वास माझ्याहून लांब. लगेच ये.'
आम्ही आठ जण. राहायचंही केंद्राच्या आवारातच. मला चौथी खुर्ची मिळाली, ताईंची पूर्वीची. त्या आता पाचव्या खुर्चीवर बसतात.

५ फेब्रुवारी
इथली युक्ती अशी, की लांब सुरात सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. एकाने घेतला की शेजारच्याने सूर धरून ठेवायचा. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. गाणं बसवणारे पुंडलिकमास्तर म्हणाले, दहा वर्षांत आमचा सूर एकदाही तुटलेला नाही. मी मेली खाडीत पोरांपेक्षा जास्त वेळ बुडी मारणारी, आणि इथे दोन गाण्यांत दमले! ताईंनी पाठीवरून हात फिरवला.

१४ फेब्रुवारी
आज गाताना इतरांकडे नीट पाहिलं. कुणाचीच छाती हलत नव्हती. चार मिनिटांचा सूर, आणि श्वास घेणारी मी एकटीच. मुद्दाम तोंड मिटलं, तर सातही जण माझ्याकडे वळले. ओठ निळे पडलेले. मग माझी छाती आपोआप भरली. मी भरली नव्हती.

२० फेब्रुवारी
जिना चढवत नाही. झाडलोट करणाऱ्या राहीबाई शेजारी टेकल्या. म्हणाल्या, "विजयाबाय पन अशीच धापा टाकायची. तुला पत्र गेला, तू आली आन् ती बरी झाली, बाय."
ताईंना विचारलं. नाकारलंसुद्धा नाही. केस विंचरत म्हणाल्या, आठ जणांना एकीचा श्वास पुरतो, चौथ्या खुर्चीवालीचा. सुटायचं असेल तर तिथे दुसरी आणून बसवायची. तुझा श्वास मी शाळेपासून मोजत होते, म्हणाल्या.
आईच्या जागी मानलं होतं मी या बाईला! केसाने गळा कापला माझा.

२४ फेब्रुवारी
पळाले. फाटकाबाहेर चार पावलं — छातीत हवा जाईना. राहीबाईंनी ओढून आत आणलं. आत येताच श्वास आला. म्हणजे आता घरही —

२७ फेब्रुवारी
नलूला बोलावणार नाही. मेले तरी नाही.

१ मार्च
आज सहा मिनिटांचा सूर. डोळ्यांपुढे अंधारी — ताई हसल्या. माझ्या मांडीवर पोस्टकार्ड ठेवलं. पेनही. फाडून टाकलं.

२ मार्च
दुसरं ठेवलं —

३ मार्च
नुसतं लिहून बघते. टाकणार नाही. देवाशपथ टाकणार नाही —
नलू, जागा रिकामी आहे. तुझा श्वास माझ्याहून लांब. लगेच