धुऊन आणलेली पिशवी

३ नोव्हेंबर
पत्र परत आलं. चौदावं! पाकिटावर तोच शिक्का—असा इसम इथे राहत नाही. इथे पोचल्यावर पहिल्याच पत्रात धाकट्याला लिहिलं होतं, 'वर्षभरात तुला बोलावून घेतो.' सहा वर्षं लागली. तोवर तिकडची आमची ज्यूंची अख्खी गल्ली उठली होती. आता मी या परक्या देशातला मोठा दानशूर—आणि सख्ख्या भावाचा पत्ता नाही. बायको म्हणते, तुम्ही सगळ्या गावाला जेवू घालता ते त्या एकासाठी. खरं आहे. चिडलो मात्र तिच्यावर.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी वर्गणीसाठी बटणांच्या कारखानदाराकडे. पाऊण तास बाहेर बसवलं. मग माझी नेहमीची टकळी सुरू—सब्बाथच्या, आमच्या विश्रांतीच्या शनिवारच्या, आधी गरिबांना पाव-बटाटे पिशवीत भरून देतो, खिडकीला फळी ठोकलीय, खाली पिशवी जाईल एवढीच फट. देणाऱ्याला घेणाऱ्याचं तोंड दिसता कामा नये, हा आमच्या वडिलांचा शिरस्ता. आत मी स्वतः बसतो आणि प्रत्येकाला तेच सांगतो, "नाव सांगू नका. पिशवी घ्या, सुखानं जा."

गडी काही पाघळेना. मग पिशवीची गोष्ट काढली. एकजण दर शुक्रवारी आधीची पिशवी धुऊन आणतो, उसवली असली तर बारीक टाक्यांनी शिवूनही. लगेच चेक फाडला! कुणाची तरी अब्रू विकून आल्यासारखं वाटत राहिलं दिवसभर.

११ नोव्हेंबर
सात दारं वाजवली. दोन ठिकाणी चहा मिळाला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
धुतलेली पिशवी आली नाही. स्वयंपाकीणबाईंच्या जिवाला घोर. "रांगेत विचारू का? आजारी असेल बिचारा." मी फाडकन म्हणालो, नियम म्हणजे नियम. आज विचारलं तर उद्या लाजेनं कुणी फिरकणार नाही. बाईंनी भांडी आदळली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
आजही नाही. बाई माझ्याशी बोलत नाहीत. मलाही जेवण गेलं नाही. पण विचारलं नाहीच कुणाला. एक भरलेली पिशवी उरली, ती तशीच खिडकीत ठेवून आलो.

२४ नोव्हेंबर
दफनभूमीचा रखवालदार धापा टाकत आला. कुणी बेवारस म्हातारा गेला, नऊच माणसं जमलीत, आमच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, एक कमी पडतोय. गेलो. पेटी बंद केलेली. प्रार्थनेत मयताचं नाव घ्यायचं, बापाचं घ्यायचं—ठाऊक कुणालाच नाही. घरमालकीण त्याला नुसतं शिंपीबाबा म्हणायची म्हणे. बिननावाचंच उरकलं. निघताना रखवालदारानं माझ्या हातात आमची पिशवी दिली. उशाशी घडी घालून ठेवलेली होती. धुतलेली.

दहा दिवस होते माझ्या हातात! रांगेत एक प्रश्न विचारायचा होता, बस्स. कसला दाता मी! नियमांचा नुसता दगड. फळी उद्या काढून टाकतो.

२५ नोव्हेंबर
शिंपीबाबाची घरमालकीण पत्र्याचा डबा घेऊन आली. आत एकच कागद, चौकोनी घड्या पडून फाटायला आलेला. माझं अक्षर. 'वर्षभरात तुला बोलावून घेतो.'

ती म्हणाली, "भाऊ म्हणजे तुम्ही, हे आज हा कागद वाचून कळलं. मी कितीदा म्हटलं, बाबा, भेटा ना भावाला. तर म्हणायचे, पहिल्याच शुक्रवारी नाव सांगायला म्हणूनच गेलो होतो. थोरला आतून म्हणाला, सांगू नका."