टुकटुक सशाचे डोळे

४ ऑगस्ट

प्रिय वहिनीस,
सप्रेम न. वि. वि.

काल रात्रभर मी झोपले नाही. पिटुकली झोपली, तिचे बाबाही झोपले. मी आपली तिच्या नाकाशी बोट धरून बसले होते, श्वास चालू आहे ना ते बघत. का ते सांगते, पण आधी तू खाली बस.

वरच्या मजल्यावरची ती दवाखान्यात कामाला जाते ना, तिचं बाळ काल दुपारी घुसमटलं. तिची किंकाळी ऐकली तशी मी सुई कपड्यात टोचून वर पळाले. बाळ निळं पडलं होतं गं. तिनंच त्याला पालथं घेतलं, पाठीत थापट्या मारल्या, आणि तोंडातून काळं बटण खाली पडलं. बाळ रडायला लागलं तेव्हा आम्ही दोघी पण रडलो. मग मी बटण उचललं आणि बाळाच्या अंगाकडं बघितलं. झबल्यावर आपला टुकटुक ससा. एक डोळा जागेवर, दुसरा माझ्या हातात.

वहिनी, आपल्या सशाला बटणाचे डोळे नसतातच. मी दोऱ्यानं भरते. कंपनीनं नमुना पास केला तो पण दोऱ्याच्या डोळ्यांचाच. पण मानेला लेबल आपलं, माझा फोटो, मांडीवर पिटुकली, खाली लिहिलेलं आईच्या हातचं. वरची म्हणाली, फोनवर दहा ससे दिसत होते, तुझं तोंड बघून हा घेतला, म्हटलं घरचीच आहे, डोळे झाकून घ्यावं. झबलं काढून तिनं माझ्याकडंच दिलं. तिनं मला दोष नाही दिला. दिला असता तर बरं वाटलं असतं.

तुला आठवतं, तूच मला त्या बाजाराचं सांगितलं होतंस. मला वाटायचं, टुकटुक सशासारखं नावाजलेलं चित्र कपड्यावर लावायचं तर मोठा कारखाना पाहिजे, मध्ये दलाल पाहिजे, आपल्याला तर दारातला वॉचमन पण आत सोडायचा नाही. तू म्हणालीस, ते दिवस गेले, आता फोनवरच बाजार भरतो. भाजीवाले मांडतात तशी चित्रवाले आपापली चित्रं मांडून बसतात. एकच मशीन असणारीनं पण नमुना पाठवायचा, पसंत पडला की परवानगी, लेबलांची रिळं घरपोच, विक्रीतला त्यांचा वाटा परस्पर वळता. मी म्हटलं, मी सातवीत शाळा सोडलेली, मला कोण उभं करतंय. तू म्हणालीस, वाचायचं मी, शिवायचं तू, आणि दुकान दादाच्या फोनवर. मी पास झाले त्या दिवशी तू मला उचलून गरगर फिरवलं होतंस.

आपली लेबलं कुणाच्या तरी हाती लागलीत. पिटुकलीनं एक चावून ठेवलं म्हणून मी रिळं तुझ्याकडं दिली होती आणि तू मला कापडासोबत मोजून लेबलं धाडतेस. ती रिळं कपाटात आहेत ना? कुलूप बघ. दादा ट्रक घेऊन परत आला की त्याला पण सांग.

शिवलेल्या मालाच्या पोत्यातच ही चिठ्ठी टाकतेय, नेहमीसारखी. फोन केला असता तर मी नुसती रडले असते. तुझा जीव माझ्यावर आहेच, तो आज जरा जास्त पाठव.

तुझी,
चिमी

•

८ ऑगस्ट

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

पोतं मिळालं, चिठ्ठी मिळाली. वाचून आधी घाबरले आणि मग हसले, रागावू नकोस. बाळ सुखरूप आहे ना? मग झालं. तू रात्रभर पिटुकलीच्या नाकाशी बोट धरून बसलीस म्हणे. त्या बिचारीला वाटलं असेल आईला शिंक हवी आहे.

अगं, चांगलं चाललेल्या मालाची नक्कल होतेच. कुणीतरी फोटो उचलला असेल, लेबल छापलं असेल. आपण मोठे झालो याची ती खूण समज. रिळं माझ्या कपाटात आहेत, किल्ली माझ्या कमरेला. तुझ्या दादाला यात ओढू नकोस. तो गाडीवर असतो, झोप अर्धी, डोकं तापलेलं. दुकानात काही बदल करायचा झाला की त्याच्या फोनवर आकडे येतात, तेवढे तो मला वाचून दाखवतो. त्यालाही त्यापलीकडं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही.

ते झबलं मात्र मला पाठवून दे. कुणाला दाखवत बसू नकोस, त्या वरच्या बाईला तर नकोच. फुकट बोभाटा झाला तर कंपनी आपलीच परवानगी काढून घेईल, मग तू आहेस आणि तुझं बंद मशीन आहे.

आणि एक सांगू का, लाडानं. तुझ्या एका सशाला दृष्टी येईपर्यंत गिऱ्हाइकाचं पोर शाळेत जायला लागतं. हात जरा उचल. मागणी किती आहे याची तुला कल्पना नाही. पोत्यात नवीन कापड आहे आणि पिटुकलीसाठी मोजे.

तिला पापा. माझी माया आहे तशीच आहे, तू मात्र उगाच मनात काही घेऊ नकोस.

तुझी,
वहिनी

•

११ ऑगस्ट

वहिनी,

या वेळी नमस्कार लिहायला हात उचलवत नाही.

तू झबलं मागितलंस म्हणून घडी घालायला घेतलं. घालताना ते उलटं झालं. मी ते तसंच खिडकीशी उजेडात नेलं.

लेबल चिकटवलेलं नाही. हातानं तुरपलंय. टाके उजवीकडं झुकलेत.

मी डावरी. शिवणाच्या बाईंनी मला वर्गातून काढलं होतं, म्हणाल्या, हिला शिकवायचं म्हणजे आरशात बघून वेणी घालण्यातला प्रकार. तू नवीनच लग्न होऊन आली होतीस. तू म्हणालीस, मग आरसाच होऊ की. माझ्या शेजारी नाही बसलीस, समोर बसलीस, गुडघ्याला गुडघा लावून. तुझा उजवा हात जाईल तसा माझा डावा. म्हणून माझा टाका हुबेहूब तुझ्यासारखा पडतो, फक्त उलटा झुकतो. तीन बारीक टाके आणि चौथा लांब, ही तुझी खोड. माझ्यात पण तीच आली. दुनियेत असं लेबल लावणाऱ्या दोघीच, आणि हे मी लावलेलं नाही.

मी आमच्याकडच्या पोराबाळांच्या कपड्यांच्या दुकानात गेले. त्याला म्हटलं बटणाचे डोळेवाले ससे कुठून येतात. तो म्हणाला, असली झबली ठोक बाजारात ढिगानं मिळतात, नुसती, लेबल नसलेली, फेकल्या भावात. म्हणजे तू ती आणतेस आणि त्याला माझं तोंड लावतेस. पिटुकलीचं पण.

तुला माल कमी पडत होता तर मला सांगायचं. मी अजून एकीला डोळे भरायला शिकवलं असतं. समोर बसून.

आता एकच कर. दुकानातून ते ससे आजच्या आज काढ. आणि ज्यांनी घेतलेत त्यांना कळव की डोळे उपटून टाका. मी तुझ्याविरुद्ध कुणाला काही बोलणार नाही. नाही काढलेस तर मी दादाला सांगेन.

मोजे परत पाठवतेय. तिला बसले होते, तरी.

चिमी

•

१९ ऑगस्ट

चि. चिमीस,
आशीर्वाद.

मी कधी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. इथं गाडी खाली होईपर्यंत बसलोय म्हणून लिहितो.

तुझ्या वहिनीनं रडत रडत सगळं सांगितलं. तू घाई म्हणून बटणं लावलीस, एक सुटलं, आणि आता निस्तरायची वेळ आली तर तिचं नाव घेतेस. तू पाठवलेल्या पोत्यातलीच म्हणून तिनं मला दोन झबली दाखवली, बटणवाली. माझ्या डोळ्यांनी बघितली. मला वाईट याचं वाटलं की तू चुकलीस ते एक वेळ ठीक, पण जिनं तुला हाताला धरून शिकवलं तिच्यावर उलटलीस. दुकान तुझ्या नावावर करून पाहिजे असं तू म्हणालीस म्हणे. मागून बघायचं होतंस, दिलं असतं.

परवा तू कुणाच्या तरी फोनवरून फोन केलास, मी आवाज ऐकून ठेवून दिला. माझ्या फोनला तुझा नंबर लागत नाही, एवढंच ऐकलं तुझं. लागत नसेल तर नसेल. मला त्यातलं कळत नाही. थोडे दिवस नको लागू दे. चालवताना डोकं शांत लागतं.

तिला मी विचारलं, झबली काढून टाकायची का. ती म्हणाली, काढली. मग विषय संपला.

पिटुकलीला जप. ती चालायला लागली का ते कुणाकडून तरी कळव.

दादा

•

२ सप्टेंबर

हा खोका जो कोणी उघडेल त्यांना,
माझा नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. टुकटुक सशाच्या कंपनीत नमुने तपासायला बसतात ते तुम्ही, एवढंच माहीत. दर काही महिन्यांनी चालू मालातले नमुने मागवता, तसे आता मागवलेत. वहिनीनं निरोप धाडला की दोऱ्याचे डोळे भरून चांगली झबली थेट कंपनीला पाठव. म्हणजे तपासणीला माझे ससे आणि विकायला तिचे. मी निरोप ऐकला, शिवायला पण बसले. शिवता शिवता कळलं की या खोक्याच्या आत वहिनीचा हात पोचत नाही.

वर ठेवलीत ती झबली माझी. सगळ्यात खाली पिशवीत एक आहे, त्याला एकच डोळा आहे, दुसरा चिंधीत बांधलाय. तो एका बाळाच्या घशातून निघालाय. लेबलावर फोटो माझा आहे, पण ते मी शिवलेलं नाही. ते ससे अजून फोनवरच्या बाजारात विकायला आहेत, वरच्या बाईनं काल मला फोनवर दाखवले. खाली लोकांनी लिहिलंय, आईच्या हातचं म्हणून विश्वासानं घेतलं. मी वाचत गेले, एकेक करून, आणि पुढं वाचवेना.

मला भीती वाटते हो. पोलीस येतील, परवानगी जाईल, फोटो माझा आहे म्हणून मलाच धरतील. पिटुकलीचे बाबा म्हणतात गप्प बस, माहेर तुझं आहे, मिटव तुझं तू. पण पिटुकली आता सगळं तोंडात घालते. मी तिच्या मुठी उघडून बघत बसते. जिथं जिथं तो ससा गेलाय तिथली बाई कशाला मुठी उघडून बघेल? तिनं तर माझं तोंड बघून घेतलंय.

तुम्ही काय ती कारवाई करा. माझं मशीन बंद पडलं तरी चालेल. पण तुमच्याकडं कागद फिरतील, साहेब सही करतील, तोपर्यंत ससे जातच राहतील. दुकान माझ्या दादाच्या फोनवर आहे. बंद करायला जे आकडे लागतात ते त्याच्याच फोनवर येतात, तो विचार न करता बायकोला वाचून दाखवतो. त्यानं मनात आणलं तर चहा निवायच्या आत दुकान बंद होतं. गिऱ्हाइकांना निरोप पण तिथूनच जातो.

तो वाईट नाही. मी डावरी म्हणून सगळे हसायचे तेव्हा त्यानं कुठून कुठून शोधून मला डावऱ्या हाताची कात्री आणून दिली होती. हे सगळे कपडे त्याच कात्रीनं बेतलेत. पण आता माझा आवाज ऐकला की तो फोन ठेवतो, आणि माझ्या नंबरवरून तर घंटीच जात नाही. तुमचा आवाज त्याच्या ओळखीचा नाही, म्हणून तो ऐकून घेईल.

तुम्ही फक्त एक करा. माझं एक झबलं आणि ते पिशवीतलं, दोन्ही उलटी करून शेजारी ठेवा. लेबलाचे टाके बघा. तीन बारीक, चौथा लांब, दोन्हींवर सारखेच. माझे डावीकडं झुकलेत, ते उजवीकडं. त्याच्या घरात झबली असतील, त्याला सांगा उलटी करून बघ. बाकी माझी बाजू मांडू नका, मी रडले हे पण सांगू नका. ससे कुठल्या हाताचे आहेत एवढं विचारा. त्याला कळेल. आणि जमलं तर सांगा, पिटुकली चालायला लागली.

दादाचा नंबर खोक्याच्या झाकणाला आतून लिहिलाय, जाड पेननं, पुसायचा नाही असा. तुम्ही कोण आहात ते मला माहीत नाही, पण हे हातात घेतलंय तर खाली ठेवायच्या आधी माझ्या भावाला फोन लावा.