मिठाईचे अकरा डबे आणि डावं मागचं चाक

धाकट्या हात्सुएला थोरल्या तोमेचे आशीर्वाद, आणि तुझ्या घरच्या देव्हाऱ्यातल्या सगळ्यांना माझा नमस्कार. तुझ्याकडे बर्फ किती? इथे स्वयंपाकघराच्या खिडकीला अर्ध्यापर्यंत टेकलाय. तुझा गुडघा कसा आहे, आणि नवऱ्याचा खोकला? अक्षराला हसू नकोस. माझी चार वर्षांची शाळा तुला पाठीला बांधून झाली. तू रडलीस की बाई आपल्या दोघींना वर्गाबाहेर काढायच्या आणि तू रोज रडायचीस. मला जे काही लिहिता येतं ते खिडकीबाहेर उभं राहून शिकलेलं आहे.

तर हात्सुए, मी आज फार खुशीत आहे. म्हातारीने चुकीचं पेडल दाबलं असं तुझ्या कानावर आलं असेलच (आपल्याकडे बातमीला ब्रेक नाही). ते साफ खोटं आहे, आणि आता माझ्याकडे पुरावा आहे. पण सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तू मध्येच फोन करशील.

यांच्या वर्षश्राद्धाला माझा कात्सुनोरी तोक्योहून आला. सहा वर्षं झाली यांना जाऊन. भटजींनी मंत्र पुटपुटले, मी वाटाण्याचा भात केला होता (तू आली नव्हतीस, गुडघ्याचं निमित्त, असो). पोराची मोठी चकचकीत गाडी अंगणात मावेना म्हणून त्याने माझा छोटा ट्रक शेडमागे नेऊन लावला. आईचं काम केलं, मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी जेवून तो गेला. धुरावर टांगून धुरावलेला मुळा बांधून दिला होता, तो दारातच विसरला.

तिसऱ्या दिवशी मी मुळे भरून बाजाराला निघाले. माझ्या नावाची चिठ्ठी लावलेले मुळे तिथल्या फळीवर दहाच्या आत संपतात हे तुला माहीत आहे, ते मी सांगत नाही, लोक सांगतात. ट्रक जड चालत होता. वाटलं, बर्फाचा चिखल आहे. देवळाच्या चढावर वास आला, तापलेल्या तव्यावर चप्पल ठेवावी तसा. वाटलं, आमच्या गल्लीतला सुगावारा आपल्या शेडमध्ये मुळे धुरावतोय, त्याला लाकूड कुठलं वापरावं याची अक्कल कधीच नव्हती. मग उतार लागला. मी ब्रेक दाबला, तर पाय मऊ तोफूत रुतावा तसा खाली गेला. पुन्हा दाबला, पुन्हा तोफू. तिसऱ्यांदा भराभर दाबला तेव्हा जरासं काही धरलं, पण तोवर समोर सुगावाराची शेड होती. आत तीनशे मुळे टांगलेले. ते सगळे माझ्या टपावर आले, एकेक करून, मोजून घ्यावेत तसे. मला खरचटलंही नाही. सुगावाराचे मुळे मात्र तसेही कच्चेच होते.

पोलीस आला, कोवळा पोरगा, पण फार नम्र. माझं वय विचारलं. एक्याऐंशी म्हटल्यावर त्याने वही अर्धी मिटलीच. मग ट्रकात बसून त्याने ब्रेक दाबून पाहिला. कडक, दगडासारखा. कारण तोवर तासभर गेला होता आणि चाक गार झालं होतं, पण हे तेव्हा कुणाला ठाऊक. तो म्हणाला, आजी, ब्रेक तर चांगला आहे. यापुढचं तो बोलला नाही, सगळ्या गावाने मनातल्या मनात पुरं केलं.

रविवारी कात्सुनोरी परत आला, मिठाईचे अकरा डबे घेऊन. सुगावारापासून सुरू करून गल्लीतल्या अकरा घरी मला मागे उभं करून तो कमरेत वाकत गेला. प्रत्येक दारात तेच. आईचं वय झालंय, आमचं लक्ष कमी पडलं, माफ करा, आता ती गाडी चालवणार नाही. मला न विचारता. मी पण मागून वाकत होते, काय करणार, पुढचा वाकला की मागचीला ताठ राहता येत नाही. सुगावाराची बायको मला म्हणाली, तोमेबाई, मुलगा किती गुणी आहे हो. आणि डबा आत घेऊन गेली.

माझं लायसन्स गेलं तर माझं काय राहतं ते तुला सांगायला नको. बस दोन वर्षांपूर्वी बंद झाली. बाजाराच्या फळीवर दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी लागेल आणि मी घरी मुळे धुरावून कुणाला घालू, यांच्या फोटोला?

म्हणून मी हाताकेयामाला बोलावलं, आपल्या गॅरेजवाल्याला. तो बोलत नाही हेच त्याचं औषध. त्याने ट्रक मागून उचलला आणि हाताने चाकं फिरवली. उजवं भिरभिरलं. डावं हललंच नाही. त्याने ते उघडलं, तर आतली पट्टी जळून काळी झालेली आणि लोखंडावर निळी झाक. मग ब्रेकचं तेल काढून दाखवलं, सोया सॉससारखं. तो म्हणाला हे जुनं झालं की पाणी ओढतं, चाक तापलं की ते पाणी उकळतं, आणि उकळलं की पायाखाली वाफ राहते, ब्रेक राहत नाही. गार झालं की पुन्हा कडक. (बघ, पोलिसाने वाफ गेल्यावर तपासलं.) मग हात पुसत त्याने एकच विचारलं.

"आजी, हँडब्रेक ओढला कुणी?"

हात्सुए, आपल्याकडे पहिला बर्फ पडला की चेरी फुलेपर्यंत हँडब्रेकला कुणी हात लावत नाही, गिअरात ठेवतो आणि चाकाखाली लाकूड सारतो. ओढला की आत ओली तार गोठते. सकाळी दांडा खाली येतो, समोरचा दिवा विझतो, चाक मात्र सुटत नाही. हे इथल्या कोंबड्यांनाही माहीत आहे. तोक्योला माहीत नाही. शेडमागे गाडी लावताना त्याने दांडा कर्रकन ओढला होता, मी स्वयंपाकघरातून ऐकला होता, आणि वाटलं होतं, किती जपून लावतोय माझा ट्रक.

म्हणजे बघ, मी चुकले नाही. माझं डोकं जागेवर आहे, पाय जागेवर आहे. दोन दिवस मी हसतेय. एकटीच.

तुझी ताई,
तोमे

ता. क. यातलं कात्सुनोरीला काही कळवू नकोस. हाताकेयामालाही तोंड बंद ठेवायला सांगितलंय, त्याला ते सोपं आहे. ब्रेक अडकला एवढं जरी बाहेर पडलं तरी गावातलं कुणीही विचारेल की ओढला कुणी, आणि उत्तर सगळ्यांना येतं. मग त्या पोराला पुन्हा अकरा डबे घेऊन अकरा दारांत जावं लागेल, या वेळी स्वतःसाठी. तो जाईल. शेवटच्या दारात त्याचे कान लाल झाले होते. पण त्यानंतर तो या गावात पाऊल टाकायचा नाही. आधीच येतो तो फक्त गेलेल्यांसाठी.

आणखी एक ता. क. लायसन्स मंगळवारी परत करून आले. बदल्यात माझ्या फोटोचं एक कार्ड दिलं, मी गाडी चालवत नाही असं सांगणारं. ते दाखवलं की टॅक्सीत सवलत आहे. इथे टॅक्सी नाही. पोलीस म्हणाला, आजी, फार समजूतदार निर्णय. मी त्याला मुळा दिला.

शेवटचा ता. क., ज्यासाठी पत्र लिहायला बसले. ट्रक आता नव्यासारखा थांबतो, चारही चाकं गार. तो तू घेऊन जा. बदल्यात मंगळवारी आणि शनिवारी सकाळी सहाला मला आणि माझ्या मुळ्यांना न्यायला ये. तू अजून चौऱ्याहत्तरची आहेस, तुला कुणी वय विचारत नाही. चालवतेस मात्र भयंकर, अगदी अंगावर आल्यावर ब्रेक दाबतेस. माझ्या बाजूला दाबायला काही नसतं, तरी मी दाबत बसेन.