बाबांच्या पाट्या मोठ्या स्क्रीनवर

२ फेब्रुवारी, रविवार
मोहीम फत्ते. बाबांनी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. आता निम्म्या दुकानांवर छापील फ्लेक्स आलेत. ज्या उरल्यात त्या पायपीट करून शोधल्या आणि मोबाइलमध्ये घेतल्या. बेकरी, चष्मेवाला, सायकलवाला, ड्रायक्लीनर, दातांचा दवाखाना, आणखीही बऱ्याच.
घरी येऊन बाबांना दाखवल्या. त्यांनी मोबाइल नाकापाशी नेला, लांब धरला, परत नाकापाशी नेला. म्हणाले, तुझा अंगठा आलाय मध्ये. प्रत्येक फोटोला तेच.
मी तपासलं. अंगठा कुठेच नव्हता.
मोबाइलची स्क्रीन लहान, दुसरं काय. निर्णय: सगळे फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे आणि मोठ्या स्क्रीनवर दाखवायचे. वायरलेस. अर्ध्या तासाचं काम आहे.

४ फेब्रुवारी
बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डावा डोळा गेल्यात जमा आहे म्हणे. उजव्यात मधोमध डाग आहे, तो पसरतोय. इंजेक्शन देऊन बघू, पण भरवसा देत नाही, म्हणाले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, त्यांना काही दाखवायचं असेल तर लवकर दाखवून घ्या.
डॉक्टर लोकांना घाबरवायची सवयच असते.
बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, थेंब वेळेवर घालायला सांगितलेत. बाबा म्हणाले, बरं. रस्ता ओलांडताना त्यांनी माझी बाही घट्ट धरली. वाहनं फार होती. (तशी फार नव्हती.)

५ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
ब्लूटूथ. फोन म्हणतो, डिव्हाइस सापडत नाही. तासभर शोधल्यावर कळलं की कॉम्प्युटरला ब्लूटूथच नाही. यात माझी काही चूक नाही. विकणाऱ्याने तेव्हाच सांगायला हवं होतं.
बायको म्हणाली, वायर लावा ना सरळ. मी शांतपणे समजावलं की वायर ही मागच्या शतकातली गोष्ट. ऑफिसात प्रिंटर अडला की सगळे मलाच हाक मारतात, हेही सांगितलं. ती म्हणाली, हो, अडकलेला कागद ओढायला.
मी परत कॉम्प्युटरकडे वळलो. कामाच्या माणसाने वादात पडू नये.

६ फेब्रुवारी
कॉम्प्युटरला मागून लावायचा नखाएवढा ब्लूटूथ आणला. खोचला. फोनवर लगेच ‘कनेक्टेड’! बायकोला हाक मारून दाखवलं.
थोड्या वेळाने शेजारीण दारात. आमच्या गाण्यांमध्ये मध्येच तुमच्या मोबाइलची घंटी का वाजतेय, म्हणाली. जोडणी झाली होती ती त्यांच्या स्पीकरशी.
बाबा आतून हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. म्हणजे दिवस अगदीच वाया गेला असं म्हणता येणार नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
ताई सकाळीच गाडी घेऊन आली. म्हणाली, फोटो कशाला, खऱ्या पाट्याच दाखवून आणते बाबांना. बेकरीची तर माणसाच्या उंचीची आहे, एवढी नक्की दिसेल. बाबा इस्त्रीचा शर्ट आणि बूट घालून तयार बसले होते. शर्टाचं एकेक बटण खालच्या काजात गेलं होतं.
मी पूर्ण विचार करून नकार दिला. ऊन आहे, धूळ आहे, डोळ्यांत औषध घातलंय. शिवाय संध्याकाळपर्यंत सगळ्या पाट्या घरबसल्या स्क्रीनवर येणारच आहेत. ताई म्हणाली, तुझं सगळं संध्याकाळपर्यंतच असतं. याचा अर्थ कळला नाही. बाबाच म्हणाले, असू दे गं, तो एवढी खटपट करतोय माझ्यासाठी.
ताई चहा न घेता गेली. बाबांना बुटाची नाडी सापडेना. बायकोने खाली बसून सोडली.
रात्री जेवणाआधी: एक फोटो पोचला! वरचा अर्धा बेकरी, खालचा अर्धा नुसता राखाडी. सुरुवात म्हणून वाईट नाही.

१२ फेब्रुवारी
ब्लूटूथचा नाद सोडला. जमाना वायफायचा आहे. एक अ‍ॅप घेतलं. फोन आणि कॉम्प्युटर एकाच वायफायवर हवेत म्हणतं. आहेत. तरी दोघं एकमेकांना ओळख दाखवत नाहीत, एका घरातल्या रुसलेल्या जावांसारखे.
बहुतेक फायरवॉलची आडकाठी. सेटिंगमध्ये शिरलो, काही गोष्टी बंद केल्या. इंटरनेटही बंद झालं. निदान काहीतरी माझं ऐकतंय.

१३ फेब्रुवारी
ऑफिसात एकाने सुचवलं, चॅटवरून स्वतःलाच पाठव. इंटरनेट परत जोडून पाठवले. आले, पण आकसून आले. मोठे केले की अक्षरांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात.
बाबांची कड म्हणजे ताणलेला दोरा. ब्रश टेकवला की श्वास रोखायचे आणि ओढ संपल्यावरच सोडायचे. लहानपणी शिडी धरून मीही त्यांच्याबरोबर श्वास रोखायचो. कुरतडलेली पाटी मी त्यांच्यापुढे ठेवणार नाही. उशीर झाला तरी चालेल.

१५ फेब्रुवारी
बाबा आता चहाच्या कपात बोट घालतात. कप किती भरलाय ते बघायला. मी म्हटलं, बाबा, भाजेल, आणि बरंही दिसत नाही ते. ते ओशाळून म्हणाले, सवय लागली बघ. बायको स्वयंपाकघरातून माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी काय वाईट सांगितलं?

१७ फेब्रुवारी
ऑफिसातून येताना ड्रायक्लीनरकडे डोकावलो. पाटी नाही. हिरवागार फ्लेक्स, त्यावर हसणारी बाई. जुनी पाटी कुठे गेली विचारलं तर म्हणाला, पत्रा चांगला होता, मागे छपराला ठोकला.
मागे जाऊन पाहिलं. अक्षरांची बाजू आत होती.
बाबांना सांगितलं नाही. माझ्याकडे फोटो आहे, म्हणजे पाटी आहेच की.

१८ फेब्रुवारी
बायको बाजारात गेल्यावर सहज म्हणून वायर लावून पाहिली. फक्त चार्जिंग होतं. बायको परत यायच्या आत वायर जागेवर ठेवली. वायरने काही होत नाही, हे माझं मत अनुभवाने सिद्ध झालं.

२० फेब्रुवारी
इंजेक्शनचा गुण नाही. डॉक्टरांनी बाबांसमोर बोटं धरली आणि विचारलं, किती? बाबांनी खूप वेळ घेतला. मग म्हणाले, तुम्हीच सांगा, तुमची बोटं आहेत. डॉक्टर हसले. मीही हसलो. बाबा हसले नाहीत.
घरी येताना रिक्षात मी वायफायची नेमकी अडचण कुठे आहे ते त्यांना सविस्तर समजावलं. शेवटी म्हणाले, होईल रे, त्रास नको करून घेऊस.
आता हयगय नाही. या रविवारी काम पुरं म्हणजे पुरं.

२३ फेब्रुवारी, रविवार, दुपारी ३
झालं!!! सगळेच्या सगळे फोटो कॉम्प्युटरवर! वायरलेस!
बायकोने फरशी पुसताना राउटरचं बटण बंद करून परत चालू केलं होतं, असं तिचं म्हणणं. योगायोग. मुळात सेटिंग माझी पक्की होती.
बाबांना आणायला जातो.

तोच दिवस, संध्याकाळ
बाबा भिंतीला हात लावत आले. त्यांना कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसवलं. पहिली बेकरी लावली, स्क्रीनभर. बाबा म्हणाले, वा, किती मोठं केलंस. मला राहवेना. ताईला फोन करायला गॅलरीत गेलो. तिला सगळं सांगितलं, फायरवॉलसकट. ती एवढंच म्हणाली, त्यांना दिसतंय का रे? मी म्हटलं, म्हणजे काय, वा म्हणाले. बोलणं जरा लांबलं.
आत आलो तर बाबा तसेच, पुढे झुकून स्क्रीनकडे तोंड करून बसलेले. माझी चाहूल लागली तसे म्हणाले, हा चष्मेवाल्याचा निळा बघ, इतक्या उन्हात उतरला नाही.
स्क्रीन काळी होती. कुणी हात न लावल्यामुळे झोपली होती. किती वेळापासून, कोण जाणे. बायको दारात उभी होती. तिने मला काही न बोलण्याची खूण केली.
माउस हलवायला हात पुढे केला, मागे घेतला. म्हटलं, हो बाबा, निळा तसाच आहे.
ते म्हणाले, पुढची लाव.
मी टेबलावर नखाने टक् केलं. म्हटलं, सायकलवाला. ते म्हणाले, चाक जरा लंबगोल झालं होतं, शिडी हलली होती तेव्हा. म्हटलं, नाही बाबा, गोल दिसतंय. त्यांना बरं वाटलं. परत टक्. ड्रायक्लीनर. टक्. दातांचा दवाखाना. टक्. असं करत सगळ्या झाल्या. फोटो मीच काढलेले, त्यामुळे क्रम तोंडपाठ होता.
संपल्यावर त्यांनी खुर्चीचा हात चाचपला. मग त्यांनी विचारलं, उजेड आहे का रे बाहेर अजून? म्हटलं, आहे. म्हणाले, ताईला म्हणावं, जमलं तर गाडी घेऊन... मग म्हणाले, नको. राहू दे.
मी बरं म्हटलं.
त्यांना खोलीत सोडून आलो आणि कॉम्प्युटर बंद करायला हात पुढे केला. तो केव्हाचाच बंद होता.