गाळावरचा प्लॉट

मी खाली सही करणारी, वय एकाहत्तर, शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रातली निवृत्त केमिस्ट. डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहिते.

१. राहता फ्लॅट मुलीला. तुरटीचा डोस ठरवायचे माझे सहा काचेचे बीकरही तिलाच. त्यांत चमचे ठेवू नयेत.

२. मोठ्या जाऊबाईंना काही नाही. "दिवसभर पाणी ढवळते आणि पगार घेते," असं त्या चारचौघांत म्हणायच्या. त्याच पाण्यावर त्यांची मुलं धडधाकट वाढली.

३. केंद्रामागचा प्लॉट कोणालाच देत नाही. एका वर्षी काविळीने शहरातली एकतीस मुलं गेली. त्यात माझा धाकटा होता. मग मी तुरटीचा डोस वाढवून घेतला आणि मुलं जायची थांबली. त्याचा मला आजही अभिमान आहे. पण पाण्यातून काढलेलं जातं कुठे? तुरटी, नदीच्या वरच्या अंगाच्या कारखान्यांचं शिसं, सगळं गाळात बसतं. तो आम्ही मागच्या खड्ड्यात सोडायचो. खड्डा भरला तेव्हा साहेब म्हणाले, "बाई, 'गाळ वाहून नेला' असं लिहा. वर माती टाकू." गाळ टाकायला दुसरी जागा नव्हती; नाही म्हटलं असतं तर केंद्र बंद पडलं असतं. मला पुन्हा लहान मुलांची प्रेतं बघायची नव्हती. मी लिहिलं. पुढे तिथेच प्लॉट पाडून कर्मचाऱ्यांना दिले. मीही निमूटपणे घेतला.

४. मुलाने मला न विचारता तिथे घर बांधलं, बोअर मारली. सून पाच महिन्यांची गरोदर आहे. गेल्या आठवड्यात ते पाणी तपासून घेतलं. शिसं मर्यादेच्या अकरा पट. त्याला फोन केला तर म्हणाला, "आई, पाणी काचेसारखं आहे गं! उगाच काहीतरी काढतेस." अरे, शिसं दिसत नाही! खड्ड्याचं सांगायला मात्र माझी जीभ रेटली नाही. बँकेतली शिल्लक त्याला, पण बोअर बुजवून घर सोडलं तरच. माझ्यावर खुशाल रूस, पण सुनेला आजच माहेरी पाठव.

५. हा कागद माझ्या मरणाची वाट बघत ठेवू नये. सही होताच मुलाच्या हातात द्यावा आणि प्लॉटांच्या त्या ओळीतल्या बावीसही घरांत एकेक प्रत पोचवावी.

ठिकाण : माझं स्वयंपाकघर. दिनांक : ९ जून.
सही : लिहून ठेवणारी

साक्षीदार १ : आमचे डॉक्टर. सही.

साक्षीदार २ : केंद्रातले निवृत्त वॉलमन. सही.
(खाली त्यांच्याच अक्षरात) बाईंनी माझ्यासमोर सही केली. माझं घर त्या ओळीत सातवं. दोन्ही नातवंडं बोअरचंच पाणी पितात. बाई, तुम्ही रोज भेटत होता.