चौदाव्या वचनाचं तेल

६ ऑक्टोबर, रविवार

रत्नपाल आला आणि सगळी मंडळी विरघळली! पुण्याच्या बायबल कॉलेजात तीन वर्षं काढून आलाय. नांदेडचे पाळक महिन्यातून एकदाच येतात. बाकीच्या रविवारी कळमनुरीची उपासना बावीस वर्षं मीच घेतो. आज पाळक आले आणि त्यांनी त्यालाच उभं केलं.

वचन कुठलं, तर याकोबाचं पत्र, पाचवा अध्याय, चौदावं. कोणी आजारी असेल तर मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. मंडळीचा वडील मी! हे वचन मी कितीदा सांगितलंय. तेल प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांच्या, काळापुरतं होतं, आता दवाखाने आहेत — दोन मिनिटांत विषय संपतो.

हा तासभर बोलला. कॅथलिक त्याला संस्कार मानतात, फादरनंच लावायचं. ऑर्थोडॉक्स म्हणतात, दुखणं शरीराचं आणि आत्म्याचं वेगळं काढू नका. पेंटेकॉस्टल म्हणतात, लावा, आजच बरं वाटेल. कोणी म्हणतं, तेल हे तेव्हाचं औषधच होतं. "आन् काही म्हणत्यात, ते प्रेषितांसंगं संपलं" — एवढं माझ्याकडे बघून, हसून. माझी बावीस वर्षं अर्ध्या वाक्यात गुंडाळली!

बायको, शकू, पुढच्याच रांगेत. पापणी लवली नाही तिची. माझ्या प्रवचनात पेंगते.

१३ ऑक्टोबर

आज मी. प्रवचन रंगात आलेलं, आणि जनकाबाई मध्येच, "गुरुजी, ह्याच्यावर कॅथलिक काय म्हणत्यात?"

मला काय माहीत! "रोमला जाऊन विचारा," म्हणालो. कोणी हसलं नाही.

१५ ऑक्टोबर

जळतो मी. लिहून टाकतो, इथे कोण वाचतंय! दहा आज्ञा मी पाठ करून घेतल्या रत्नपालकडून. शेंबूड पुसलाय त्याचा. दहावी आज्ञा काय — शेजाऱ्याच्या कशाचाही लोभ धरू नको. बरोबर आहे. पण मंडळी माझीच होती की!

१९ ऑक्टोबर

शकूनं त्याला घरी बोलावून तेल मागितलं! महिनाभर गुडघा दुखतो तिचा, कबूल. पण घरात मी बसलेला असताना?

तो बाटलीभर करडईचं तेल देऊन गेला, प्रार्थना केलेलं. "काकू, सत्तावीसला उपासना झाली की लावू."

तो जाताच विचारलं, "काहून बोलावलं त्याला?"

"तुमच्याकडचं तेल प्रेषितांसंगं संपलं ना? मंग ज्याच्याकडं हाय त्याला मागितलं."



२० ऑक्टोबर

बाटली घेऊन कोणी यायच्या आत प्रार्थनाघरात गेलो. त्याचं ते पवित्र तेल दाराच्या बिजागऱ्यांना घातलं. सगळं! बाटलीत घरच्या डब्यातलं भरून पुन्हा फडताळात ठेवली. इतकी वर्षं करकरणारं दार आज मुकाट. आता लाव म्हणावं गुडघ्याला.

२४ ऑक्टोबर

बाटली तशीच. एक थेंब लावत नाही. "आधी का लावत नाहीस?" तर म्हणते, "रत्नपाल आल्यावर." त्याच्याच हातानं पाहिजे!

भाकरी पुढे आली, अर्धी खाऊन उठलो. हल्ली असंच होतंय. तिनं ताट उचललं.

२७ ऑक्टोबर, रविवार

उपासना झाली. शकूनं बाटली रत्नपालच्या हातात दिली आणि खुर्चीवर बसवलं ते मला! "माझ्या गुडघ्याला डॉक्टर हाय. आजारी हे हायेत. तीन हप्ते झाले, जेवण जाऊन न्हाई राहिलं ह्यांना."

सगळ्यांसमोर! रत्नपालनं चौदावं वाचलं, पंधरावं वाचलं. तिथे मी नेहमी पुस्तक मिटतो. तो थांबला नाही. सोळावं — आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा, म्हणजे तुम्ही बरे व्हाल.

केली कबूल. मत्सर सांगितला, बिजागऱ्याही सांगितल्या. रत्नपाल बाटलीकडे बघत राहिला.

शकू म्हणाली, "दार गप झालं तवाच कळलं मला. लाव रे बाबा, घरचं तर घरचं."

घरी येऊन तीन भाकरी खाल्ल्या.